सध्या कोणी वापरत नाही

नोकरीच्या बत्तीस वर्षांत मी शेकडो निबंध, दोन-चार प्रबंध आणि एका प्राचार्यांची सगळी भाषणं दुरुस्त केली. त्यातल्या कशानेही कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ते कुणी वाचलंच नाही. निवृत्त झाल्यावर मात्र मी एक सरकारी कागद दुरुस्त केला, कुणी सांगितलं नसताना, आणि एका माणसाची वाट बंद झाली. मराठीच्या प्राध्यापकाने असं म्हटलं की लोक अलंकार शोधतात. इथे अलंकार नाही. पाचशे पावलांची पायवाट होती, ती बंद झाली.

मी केडगावात राहतो. मूळ गाव मिरजगावच्या आत, डांबरी सोडून खडीच्या रस्त्याने जावं लागतं. गावाच्या उगवतीला बौद्ध वस्ती आहे. वस्तीतून डांबरीवर यायला एका बागायतदाराच्या बांधावरून पायवाट होती. दुसरा मार्ग ओढ्यातून. तो लांबचा, दगडगोट्यांचा, आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

वस्तीत माझा शाळेतला सोबती राहतो. सातवीला तो पहिला आला आणि मी दुसरा. पुढे मी कॉलेजात गेलो आणि तो ऊसतोडीला. यावर मी एकदा एक हळहळणारा लेख लिहिला होता. दिवाळी अंकात छापून आल्यावर त्याला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पैला नंबर माजा हुता हे लिव्हलंय न्हवं?" लिहिलं नव्हतं.

तीस हंगाम त्याने श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांचा ऊस तोडला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं. त्यात गुडघे गेले. गेली तीन-चार वर्षं तो तोडीला जात नाही. दसऱ्यानंतर वस्ती रिकामी होते, तेव्हा तो आणि दोन-तीन म्हाताऱ्या मागे राहतात. काठी टेकत बांधावरून डांबरीवर यायचं, टपरीवर चहा घ्यायचा, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचा, हा त्याचा रोजचा दिवस होता; फक्त थंडीत गुडघे धरले की महिना-दोन महिने तो वस्तीतच बसून असायचा.

मग बागायतदाराने दोन तुकडे एक करायचं ठरवलं आणि बांध नांगरायला घेतला. सोबत्याने तहसिलीत अर्ज दिला की ही आमची वहिवाटीची वाट आहे, ती मोकळी राहावी. त्यावर पाहणीला मंडळ अधिकारी आले. गावात त्यांना सर्कल म्हणतात. जानेवारीचा महिना. मी त्या दिवशी माझ्या वाटणीची चिंचेची झाडं बघायला गेलो होतो. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक टपरीवाला मिळाला होता. सर्कलनी मला पाहिलं आणि नमस्कार करून म्हणाले की सुशिक्षित पंच मिळणं हे आमचं भाग्य, आपल्यासारख्या प्रतिष्ठित नागरिकाची सही असली की कागदाला वजन येतं. अशा वाक्यांना मी जन्मभर हसत आलोय. सत्कारात शाल अंगावर पडताना माणसाचा चेहरा कसा होतो, यावर माझ्याकडे पाच-सहा चांगले विनोद आहेत. त्या दिवशी मी फक्त कॉलर सारखी केली.

आम्ही बांधावरून चाललो. कुसळी गवत पोटरीपर्यंत वाढलेलं. वाट होती, पण शोधावी लागत होती. सर्कलनी सोबत्याला विचारलं, या वाटेने कोण जातं?

तो म्हणाला, "सध्या कोनी जात न्हाई. समदी तोडीला गेल्यात. मी एकलाच हाय, आन माजं हे गुडघं."

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ होतं. सर्कल जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. त्यांच्याविषयी मी नंतर पुष्कळ वाईट बोललो, म्हणून हे आधी नोंदवतो की त्यांनी सगळं लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं: "सदर वस्तीवरील सदर इसम सदर हंगामात सदर ऊसतोडणीकामी परगावी गेलेले असलेबाबत सदर अर्जदार सांगतात, सबब सदर वाट सध्या कोणी वापरत नाही असे आढळुन आले." आणि कागद माझ्यापुढे केला.

एका वाक्यात सहा सदर. शिवाय "असलेबाबत" आणि "आढळुन" मधला तो ऱ्हस्व उकार. बत्तीस वर्षं मी वर्गात सांगत आलो की थोडक्यात लिहा, पाल्हाळ म्हणजे विचारांचा आळस. मी सर्कलना म्हणालो की एवढं लांबण कशाला, शेवटच्या भागात सगळं येतंच आहे. त्यांनी आज्ञाधारकपणे पहिला अर्धा भाग एका रेघेने खोडला आणि खोडल्याबद्दल बाजूला माझी आद्याक्षरं घेतली. उकार मी स्वतः दीर्घ केला. राहिलं ते असं: "सदर वाट सध्या कोणी वापरत नाही असे आढळून आले." सुटसुटीत. सर्कल म्हणाले, भाषा म्हणजे भाषा, सर.

सोबती बांधावर काठीवर वजन टाकून उभा होता. त्याने विचारलं, "वाचलंस ना मास्तर?"

"वाचलं."

"मंग बास." त्याने न वाचता सही केली. सातवीपासून आजपर्यंत न वाचता त्याने केलेली ती एकच सही असावी.

फाल्गुनात आदेश आला. प्रत्यक्ष पाहणीत वापर आढळून येत नसल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी बागायतदाराने जेसीबी आणून वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा चर खोदला, पलीकडे तारेचं कुंपण घातलं. पाडव्याच्या सुमाराला वस्तीतली माणसं तोडीवरून परतली तेव्हा बायका डोक्यावर भांड्यांची पोती घेऊन चराच्या काठावर उभ्या राहिल्या, मग डांबरीवर थांबलेल्या ट्रॅक्टरमध्ये पोती परत टाकून ओढ्याकडे गेल्या. हे मी पाहिलं नाही. सोबत्याने फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुजं वाक्य आलंय कागदात. सुद्ध हाय."

मला राग आला, आणि रागाला जागा हवी होती. मी गावी गेलो आणि थेट बागायतदाराच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याने पाणी दिलं, चहा सांगितला, आदेशाची प्रत आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "सर, यात एक शब्द खोटा दाखवा. आत्ताच्या आत्ता चर बुजवतो."

मी तो कागद दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. जानेवारीच्या त्या सकाळी त्या वाटेने खरंच कोणी जात नव्हतं. गवत खरं होतं. सही खरी होती. मी चहा न घेता उठलो, त्यालाही मी निषेध समजलो होतो. बागायतदाराने तो कप बहुधा स्वतः पिऊन टाकला असेल.

चर झाल्यापासून सोबती डांबरीवर आलेला नव्हता. त्याच्या मुलाने मोटरसायकलवरून ओढ्यातून आणलं तरच. एकदा आणलं तेव्हा दगडावरून घसरून दोघं पडले, त्यानंतर तो नको म्हणायला लागला. टपरीवाला कालचे पेपर बाजूला ठेवायचा आणि त्याच मुलाबरोबर वस्तीत पाठवायचा. दोन्ही पंचांत चांगला पंच कोण, हे यावरून कळावं.

मे महिन्यात नगरला एका व्याख्यानमालेत मला अध्यक्ष केलं होतं. अध्यक्ष म्हणजे ज्याला सगळ्यात शेवटी बोलायला मिळतं आणि तोपर्यंत लोक चपला शोधत असतात तो. विषय फलकावर लिहिला होता: "सत्य: सापेक्ष की निरपेक्ष?" वक्ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. शाल, नारळ, पंख्याच्या वाऱ्यात न पेटणारी समई, सगळं यथासांग. मग हत्ती आला. पाठोपाठ आंधळे आले. कुणाला तो खांब वाटला, कुणाला सूप. सभागृहाने माना हलवल्या. या गोष्टीत हत्तीचं मत कुणी कधी घेत नाही. त्याला आपण कोण आहोत याबद्दल काही शंका असेल असं मला वाटत नाही.

वक्त्यांचा निष्कर्ष असा होता की अंतिम सत्य नसतंच, प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं आणि हे मान्य करणं म्हणजे परिपक्वता. एरवी मी "अभ्यासपूर्ण विवेचन" म्हणून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मी विचारलं की आमच्या गावी एका पायवाटेवर कमरेएवढा चर खोदलाय, त्यात उतरलेला माणूस कुणी हात दिल्याशिवाय वर येत नाही. तो चर सापेक्ष आहे का?

वक्ते प्रसन्नपणे हसले. त्यांच्या मते शेतमालकाच्या दृष्टीने तो चर म्हणजे संरक्षण आणि वस्तीच्या दृष्टीने अडथळा, म्हणजे बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. टाळ्या पडल्या. मीच त्यांना टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

परत येताना रिक्षात मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोललो. पण केडगाव येईपर्यंत अडचण लक्षात आली. हेच मीही शिकवत आलो होतो. कवितेचा एकच अर्थ नसतो, वाचणारा बदलला की अर्थ बदलतो, असं मी दरवर्षी जूनमध्ये सांगायचो आणि मुलं वहीत लिहून घ्यायची. कवितेत ते चालतं. कविता ओलांडून कुणाला चहाला जायचं नसतं. आणि मला हेही दिसलं की सत्य सापेक्ष आहे असं ज्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं, त्यांच्या दारापर्यंत डांबरी होती. माझ्याही आहे.

दरम्यान सोबत्याने वरच्या कार्यालयात अपील केलं होतं. त्याच्या वकिलाशी बोलायला मी बरोबर गेलो. वकील व्यवहारी माणूस. त्याने सांगितलं की अर्जात जोर हवा. शंभर वर्षांपासूनची वाट म्हणा, बैलगाड्या जायच्या म्हणा, म्हणजे रुंदीही मिळेल.

सोबती म्हणाला, "आमच्यात बैलगाडी कुनाकडं हुती? सायकल जायाची. आता मोटारसायकल जाती. आन शंभर वर्सं मी काय बघितली न्हाईत. माज्या बापाला तिथनं जाताना बघितलंय, तेवडं लिवा."

वकील माझ्याकडे बघायला लागला. या खरेपणाने अपील जाईल, असं त्याने मला इंग्रजीत सांगितलं, म्हणजे सोबत्याला कळू नये म्हणून. सोबत्याला ते कळलं. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो. म्हणालो, समोरचा जेसीबी घेऊन उभा आहे आणि तू एका बैलगाडीसाठी अडून बसतोस. म्हणून टाक ना बैलगाडी. कोण मोजायला येणार आहे?

तो दर रविवारी विहारात पंचशील घेतो. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. मला वाटलं तो त्यावर येईल. तो म्हणाला, "तू खरं लिव्हून वाट घालवलीस. आता मी खोटं बोलून आनू व्हय?"

या वाक्याचा मला अजून राग येतो.

वाट गेली ती माझ्यामुळे, तेव्हा निदान ते कागदावर यावं म्हणून मी माझा जबाब घ्यावा असा अर्ज दिला. सुनावणी भाद्रपदात लागली. सोबत्याला मुलाने मोटरसायकलवरून आणलं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. ओढ्याला पाणी होतं. अधिकारी पस्तिशीचे, चटपटीत, आधीच्या दोन प्रकरणांत त्यांनी कुणाला बसूही दिलं नव्हतं. पंचनाम्यावरची सही माझीच का, असं विचारलं. मी हो म्हणालो. मजकूर वाचला होता का? हो. त्यांनी लिपिकाला सांगितलं, लिहा, मजकूर खरा असल्याचे पंच मान्य करतात.

मी म्हणालो, "असं लिहू नका."

"मग मजकूर खोटा आहे?"

"नाही."

बागायतदाराचा वकील हसला. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, सर, आपण प्राध्यापक होतात, दोन्ही नाही कसं चालेल.

मी म्हणालो, "वाक्य खरं आहे, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी खोडायला लावलं. बाजूला माझी आद्याक्षरं आहेत."

मूळ पंचनामा फाईलमध्ये होता. आदेश तयार करताना टंकलिखित प्रत वापरली होती, तिच्यात खोडलेला भाग अर्थातच नव्हता. अधिकाऱ्यांनी मूळ कागद काढला, खिडकीकडे धरला आणि रेघेखालचं मोठ्याने वाचलं. खोडलेले पाचही सदर आले. असलेबाबतही आलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे का खोडलंत?

मी घरून तयारी करून आलो होतो. अनवधान, घाई, प्रक्रियेची माहिती नसणं, असे तीन बरे शब्द निवडून ठेवले होते. सोबती भिंतीशी बाकावर बसला होता. पाय सरळ करून, कारण वाकवले की उठता येत नाही. मी म्हणालो, "भाषा चांगली दिसावी म्हणून."

लिपिकाने ते जसंच्या तसं टाईप केलं. माझी चार पुस्तकं आहेत. त्यातलं कुठलं वाक्य किती टिकेल मला ठाऊक नाही. हे मात्र सरकारी दप्तरात टिकेल. समोरचा वकील आता मोकळेपणाने हसत होता, आणि त्या दिवसात मला ज्याचा राग आला नाही असा तो एकटाच माणूस. हसण्यासारखंच होतं.

अंतिम सत्य वगैरे असतं का, यावर माझं मत बनलेलं नाही आणि या वयात बनेल असं वाटत नाही. पण त्या बाकावरच्या माणसाने बांधावर उभं राहून जे म्हटलं होतं ते तीन वाक्यांचं होतं, आणि ते तीन वाक्यांचंच राहायला हवं होतं. त्याला हत्ती लागत नाही.

अधिकाऱ्यांनी फाईलवर काही लिहिलं आणि सांगितलं की आधीचा आदेश बाजूला ठेवतो, फेरपाहणी होईल, वस्तीतले लोक हजर असताना. माझ्या मानेवरचं ओझं जरा हललं. मग त्यांनी कॅलेंडर उलटलं आणि तारीख दिली. डिसेंबरचा पहिला आठवडा.

मी ती लिहून घेत होतो. खरंच घेत होतो. सोबती बाकावरून म्हणाला, "सायेब, तवा कोनी नसतंय."

"का? कुठे जाता?"

त्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. त्यांना माहीत नव्हतं. दर वर्षी दसरा झाला की त्यांच्याच कार्यालयासमोरच्या रस्त्याने बिऱ्हाडं भरलेले ट्रक जातात, वर भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुलं. ते कुठे जातात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पण हातातल्या डायरीत तीच तारीख माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, आणि मला तर सगळं माहीत होतं.

"तोडीला," सोबती म्हणाला. "दसऱ्याच्या आत या. समदी हायेत."

अधिकाऱ्यांनी तारीख खोडली आणि पुढच्या आठवड्यातली दिली. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस मिळाला असता तर मला फार सोपं गेलं असतं.

बाहेर पायऱ्यांवर सोबती एकेक पायरी आडवा होऊन उतरला. मुलगा मोटरसायकल आणायला गेला. मी म्हणालो की पाहणीला मी येतो, या वेळी पंच म्हणून नीट बघतो.

"पंच म्हनून तू नगंस."

मी विचारलं, मग कोण?

"कोनी का असना. टपरीवाला हाय की. सायबाला सांगनार हाय, आमी बोलू तसंच लिवा, वाकडं का असना." त्याने काठी मोटरसायकल घेऊन आलेल्या मुलाकडे दिली आणि दोन्ही हातांनी पाय उचलून सीटवर टाकला. "तुला यायचंच आसंल तर ये. पर बोलू नगंस."

"बरं," मी म्हणालो.

"बरं बी नगं," तो म्हणाला, आणि मुलाने किक मारली.